मतमाउलीला निघण्यापूर्वी

रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि आपल्याकडे वर्ध्याला यात्रेची तयारी तिथूनच सुरू होते. विदर्भ एक्सप्रेस बरी की सेवाग्राम, आईला खालचा बर्थ मिळेल का, मनमाडला उतरल्यावर पुढची गाडी किती वाजता. हे सगळं लागतंच. पण हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला चारदा जाऊन आल्यावर एवढं समजलं, की तिकीट पक्कं असूनही माणूस तिथे पोहोचत नाही, असं होऊ शकतं. पहिल्या खेपेला माझंच तसं झालं. ते पुढे सांगतो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: हरेगाव अहिल्यानगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूर तालुक्यात आहे. साखर कारखान्यामुळे नावारूपाला आलेलं गाव. तिथल्या संत तेरेजा चर्चच्या आवारात मतमाउलीची, म्हणजे पवित्र मरियेची, यात्रा भरते. ८ सप्टेंबर हा मरियेच्या जन्माचा सण. यात्रा त्याच्या आगेमागे शनिवार-रविवार धरून असते, म्हणून नेमकी तारीख दरवर्षी विचारून घ्यावी. श्रीरामपूरच्या रेल्वे स्टेशनचं नाव बेलापूर. आमच्या गटातल्या एकाने पहिल्या वर्षी मोबाईलवर नवी मुंबईच्या बेलापूरचा रस्ता काढून ठेवला होता.

वांद्र्याची मोतमाउली आहे, तमिळनाडूतली वेलंकनी आहे, नाशिकरोडचा बाळ येशू तर आपल्या गाडीच्या वाटेवरच आहे. कुठेही जा, पुढची कृती सारखीच. मी हरेगाव धरलं, कारण तिथे मिस्साही मराठीत, प्रवचनही मराठीत आणि शेजारी बसलेली बाई कुठल्या गावची ते तिच्या बोलण्यावरून कळतं.

साहित्य फार नाही. शंभर पानी शाळकरी वही, जपमाळ, बायबल, जितकी नावं न्यायची तितक्या मेणबत्त्या, एक रिकामं पाकीट आणि वापरून मऊ झालेल्या चपला. नव्या चपला घालून यात्रेला निघणाऱ्याची प्रार्थना टाचेतच अडकते.

चाळीस दिवस आधी: वही

जुलैअखेर सुरुवात करा. तेव्हा शेतात निंदण-डवरणी चालू असते आणि वेळ नाही हे कारण सगळ्यांकडे तयार असतं. तरी रात्री जेवणानंतर दहा मिनिटं काढा. वहीची तीन पानं घ्या. पहिल्यावर ‘मागायचं आहे’, दुसऱ्यावर ‘मिळालं आहे’, तिसऱ्यावर ‘देणं आहे’.

पहिलं पान आपोआप भरतं. पोराची नोकरी, पोरीचं लग्न, आईचे गुडघे, सोयाबीनचा भाव. भरू द्या, त्यात लाजायचं कारण नाही. वांद्र्याला लोक मेणाचे हात, पाय, घरं वाहतात, ते या पहिल्या पानाचंच मेणातलं रूप. आमचे काही शिकलेले लोक त्याला नाकं मुरडतात. मला त्यात वावगं वाटत नाही. ज्याचा पाय दुखतो त्याने पायाबद्दलच बोलावं.

मात्र एक खबरदारी. पहिल्या पानावर ‘हे झालं तर मी ते करीन’ अशी वाक्यं लिहू नका. नवस आपल्या मातीत इतका मुरलेला आहे की ख्रिस्ती झालेल्या घरांतूनही तो सुटला नाही, हे मान्य. पण ‘मुलगा पास झाला तर पायी येईन’ हा सौदा झाला. पायी जायचं असेल तर मुलगा नापास झाला तरी जा. अट खोडून नुसतं मागणं ठेवा.

दुसरं पान भरायला आठ-दहा दिवस लागतात. तिसरं सगळ्यांत उशिरा भरतं, आणि खरी कृती तिथूनच सुरू होते.

धुरा

तिसऱ्या पानावर आधी माणसांची नावं लिहा. ज्यांच्याशी बोलणं बंद आहे ती.

मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो, की वेदीशी अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. हे आपण शंभरदा ऐकलेलं असतं. नीट वाचलं तर एक गोष्ट टोचते. ‘तुझ्या मनात भावाविषयी राग असेल तर’ असं तिथे म्हटलेलं नाही. भावाच्या मनात तुझ्याविषयी काही असेल तर, असं आहे. म्हणजे आपण मनातल्या मनात क्षमा करून मोकळं होण्याची सोयच ठेवलेली नाही.

पहिल्या वर्षी मी हरेगावला गेलो तेव्हा माझं आणि चुलतभावाचं धुऱ्यावरून वाजलेलं होतं. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध, हे वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी. दीड हात रुंदीचा प्रश्न होता. दोन वर्षं बोलचाल नव्हती. मी गेलो, रांगेत चार तास उभा राहिलो, मतमाउलीच्या मूर्तीसमोर पोहोचलो. आणि त्या अर्ध्या मिनिटात माझ्या डोक्यात काय आलं? आपण इकडे आलोय तेवढ्यात त्याने ट्रॅक्टर लावून धुरा कोरला तर नसेल? मागच्याने ढकललं आणि मी पुढे सरकलो. सहाशे किलोमीटर येऊन मी माझ्याच वावरात उभा होतो.

म्हणून ही पायरी मी सगळ्यांत वर ठेवतो आणि तिला सगळ्यांत जास्त दिवस देतो. कृती अशी. ज्याच्याकडे जायचं त्याच्याकडे सकाळी जा. संध्याकाळी माणूस थकलेला असतो, कधी प्यालेला असतो. एकटे जा, बायकोला किंवा फादरांना साक्षीला नेऊ नका. यात्रेला चाललोय हे पहिल्या वाक्यात सांगू नका, नाहीतर त्याला वाटतं की हा स्वतःच्या पुण्याची सोय लावायला आलाय. आपली चूक नेमकी सांगा. ‘काही चुकलं असेल तर माफ कर’ हे वाक्य पूर्ण वर्ज्य, कारण त्यात कबुली कशाचीच नाही. मी म्हणालो, ‘दादा, मागच्या उन्हाळ्यात तुझ्या बाजूची बोरीची झुडपं मीच तोडली, आणि पंचनाम्यात नाही म्हणालो.’ तो बराच वेळ काही बोलला नाही. मग चहा टाकायला सांगितला. धुऱ्याचा निकाल त्या दिवशी लागला नाही, मोजणी पुढे रीतसर झाली आणि अर्धा हात माझा गेला. पण दुसऱ्या खेपेला रांगेत ट्रॅक्टर आला नाही.

समोरचा दार लावून घेईल, असंही होतं. तसं झालं तर वहीत त्याच्या नावापुढे तारीख लिहा आणि एक मेणबत्ती त्याच्या नावाची धरा. तिसऱ्यांदा जाऊन त्याला छळू नका. आणि ज्याने आपल्यावर हात टाकला, ज्याच्यापासून जिवाला भय आहे, त्याच्या दारात यात्रेच्या नावाखालीही जायचं नाही.

उधारी

नावं झाली की तिसऱ्या पानावर आकडे येतात. किराणा, कृषी केंद्रावरची खता-फवारणीची उधारी, मेव्हण्याकडून घेतलेले हातउसने, मजुरीचे राहिलेले दोन दिवस. बँकेचं पीककर्ज एका यात्रेत फिटत नाही, ते बाजूला ठेवा. पण मजुराची मजुरी ठेवू नका. निंदणाला आलेल्या बाईचे दोनशे-तीनशे रुपये राहिलेले असताना आपण तिकीट काढलेलं असेल, तर ते तिकीट तिच्या पैशातून काढलंय. आणि कर्ज काढून यात्रा करायची नाही. पैसे नसतील त्या वर्षी नागपूरला एखाद्या रविवारी मिस्सेला जाऊन या, तेवढंही पुष्कळ.

रिकामं पाकीट इथे लागतं. रोज चहाचे म्हणा, खर्ऱ्याचे म्हणा, दहा-वीस रुपये त्यात टाका. निघण्याच्या आदल्या दिवशी जे जमेल ते यात्रेला जाऊ न शकणाऱ्या घरी द्यायचं. दानपेटीसाठी वेगळे न्या.

चालणं

हरेगावला रांग मोठी असते, ऊनपावसाचा भरवसा नसतो, त्यामुळे पायांना सवय हवी हे झालंच. पण मी चालायला सांगतो ते वेगळ्या कारणाने.

लूकच्या शेवटच्या अध्यायात पुनरुत्थानाच्या दिवशी दोघे शिष्य यरुशलेमहून अम्माऊस गावाला निघतात. अंतर साठ स्टेडिया, म्हणजे साधारण अकरा किलोमीटर. वाटेत तिसरा येऊन मिळतो, ते त्याला ओळखत नाहीत, पण बोलत राहतात. ओळख पटते ती भाकर मोडताना. वर्धा शहरातून सेवाग्राम सातआठ किलोमीटर, पवनारही जवळपास तेवढंच. गल्लीबोळातून थोडा वळसा घातलात की अम्माऊस पूर्ण होतं.

पहाटे निघा आणि दोघांनीच चाला. तिघे झाले की सहल होते. पहिला अर्धा रस्ता गप्प राहायचं. दुसऱ्या अर्ध्यात एकाने बोलायचं, दुसऱ्याने फक्त ऐकायचं. सल्ला द्यायचा नाही, ही सगळ्यांत अवघड अट. पुढच्या आठवड्यात पाळी बदला. पोहोचल्यावर भाकरी मोडून अर्धी-अर्धी खायची. असं चार-पाच वेळा झालं की नवरा-बायकोसुद्धा एकमेकांविषयी नवं काही ऐकतात, हे मी अनुभवाने सांगतो.

सेवाग्रामला का, असं आमच्याच एका सिस्टरने विचारलं होतं. आपलं चर्च सोडून आश्रमात? तर कारणं आहेत. १९३६ साली गांधीजी तिथे राहायला आले आणि त्यांच्या सर्वधर्म प्रार्थनेत ख्रिस्ती प्रार्थनेला जागा होती. तिथे नयी तालीम उभी करणारे आर्यनायकम सिलोनमधल्या तमिळ ख्रिस्ती घरातले. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचं काम करणारे जे. सी. कुमारप्पा तर आयुष्यभर ख्रिस्तीच राहिले. खादी घातली, तेलघाणी आणि हातकागदावर डोकं लावलं आणि येशूच्या वागण्याबोलण्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, ज्याला गांधीजींची प्रस्तावना आहे. पवनारला धाम नदीच्या काठी राहणाऱ्या विनोबांनी ‘ख्रिस्तधर्म सार’ संकलित केलं. म्हणजे या दोन्ही रस्त्यांवर आपल्या धर्माची पावलं आहेतच, आणि आपल्याच जिल्ह्यातल्या ख्रिस्ती मुलांना ती ठाऊक नसतात. मुलांना बरोबर न्याल तर वाटेत एवढं सांगा. त्या फेरीपुरता तिसरा माणूस चालेल.

जीभ

सेवाग्रामच्या एकादश व्रतांत एक ‘अस्वाद’ आहे, त्याची मला उपवासापेक्षा जास्त मदत झाली. उपवास आम्ही करतो तो शुक्रवारी मटण सोडून, आणि मग साबुदाण्याची उसळ तुपात निथळते. अस्वाद म्हणजे जे ताटात येईल ते नावं न ठेवता खाणं. भाजीत मीठ कमी आहे हे चाळीस दिवस न बोलणं. करून बघा. मला पहिल्या आठवड्यात सहा वेळा चुकल्याची खूण वहीत करावी लागली.

उपवास करायचाच तर बुधवार-शुक्रवार एक वेळ जेवा. साखरेचे रुग्ण, गरोदर बायका, लहान मुलं आणि फवारणी किंवा उन्हातलं काम असलेला माणूस यांनी तो करू नये. त्यांनी त्याऐवजी मोबाईल बाजूला ठेवावा. त्याच दिवसांत कधी पोळा येतो, कधी शेजारी गणपती-महालक्ष्म्या असतात. शेजारून पुरणपोळीचं ताट आलं तर ‘आमचा उपवास आहे’ म्हणून परत पाठवू नका. ताट घ्या, मुलांना द्या आणि रिकामं ताट परत करू नका. शेजाऱ्याचं मन मोडून राखलेला उपवास मतमाउलीला काय सांगणार?

नऊ दिवस

यात्रेच्या दिवसापासून मागे मोजून नऊ दिवस घरी नोव्हेना. वेळ एकच ठरवा. आमच्याकडे दिवेलागण झाली की. जपमाळेची पाच दशकं म्हणायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. सोमवार-शनिवार आनंदाची रहस्यं, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार गौरवाची आणि पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००२ मध्ये जोडलेली प्रकाशाची गुरुवारी. प्रत्येक दशकाआधी वहीतलं एक नाव मोठ्याने घ्या. पहिल्या पानावरचं नको, तिसऱ्या पानावरचं घ्या. घाई करायची नाही. आमचा धाकटा ‘नमो मरिया’ मालगाडीसारखी पळवतो. त्याला एक दशक सावकाश म्हणण्याची शिक्षा असते, आणि शिक्षेचं दशक सगळ्यांत चांगलं होतं.

आमच्या गटात सीएनआय चर्चचं एक कुटुंबही येतं. स्कॉटिश मिशनच्या वेळेपासूनची वर्ध्यातली जुनी ख्रिस्ती घरं आहेत, त्यांतलं. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया १९७० साली नागपुरातच स्थापन झालं. त्यांच्यात जपमाळ नाही, मरियेची यात्रा नाही. ते येतात ते आमच्या सोबतीला, आणि प्रार्थना येशूकडेच करतात. त्यांच्यासाठी नोव्हेनाच्या जागी ना. वा. टिळकांची भजनं. एका संध्याकाळी आम्ही दोन्ही एकत्र केलं. आधी त्यांच्या आजोबांनी पेटीवर भजन घेतलं, मग आम्ही दशक म्हटलं, आणि आजोबा डोळे मिटून बसले होते. त्यावर चर्चा कोणी केली नाही, बरंच झालं.

याच नऊ दिवसांत कन्फेशन. ते हरेगावच्या गर्दीवर टाकू नका. तिथे रांग मोठी, फादर थकलेले, मागचा माणूस कान देऊन उभा. इथेच, आपल्या फादरांकडे, त्यांना आधी वेळ विचारून जा. धुरा आणि उधारी या दोन पायऱ्या झालेल्या असतील तर सांगायला फार उरत नाही, आणि जे उरतं तेच नेमकं सांगायचं असतं. वही बरोबर न्या, पण वाचून दाखवू नका. नंतर तिसऱ्या पानावरचं जे फिटलं ते खोडा. पहिल्या पानाकडेही एकदा बघा. माझ्या वहीत दरवेळी दोन-तीन मागण्या तोवर आपोआप बारीक झालेल्या असतात.

गाडीत

बॅग हलकी ठेवा. जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी, ठेचा, कोरडं बेसन. गोड म्हणून वर्ध्याचा गोरसपाक, तो टिकतो आणि डब्यात वाटायला बरा. एक पुडा ओळख नसलेल्या प्रवाशासाठी वेगळा.

स्तोत्रसंहितेतली १२० ते १३४ ही पंधरा स्तोत्रं यरुशलेमला चढून जाणाऱ्या यात्रेकरूंची मानतात. लहान लहान आहेत. आम्ही ती स्टेशनांना वाटून दिली आहेत. वर्धा सुटल्यावर १२०, मग पुलगाव, धामणगाव, बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला. गाडी कुठे थांबते, कुठे थांबत नाही, तरी दिवे दिसले की एकाने वाचायचं. शेगावला गजानन महाराजांचे भक्त उतरतात. त्यांच्या पिशव्या खाली द्यायला मदत करायची, हे आमच्या गटात स्तोत्राइतकंच ठरलेलं आहे. एका माउलीने मला विचारलं, ‘तुम्ही कुठं?’ मी म्हटलं, ‘मतमाउलीला.’ ती म्हणाली, ‘बरं, माझंही नाव सांगा.’ मी वहीत लिहून घेतलं. भुसावळनंतर सगळे झोपतात. उरलेली स्तोत्रं मनमाडच्या फलाटावर, दुसऱ्या गाडीची वाट पाहत.

कोणाला ओवीची आवड असेल तर फादर थॉमस स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ बरोबर न्यावं. इंग्लंडात जन्मलेल्या जेजुइटाने गोव्यात बसून मराठीत लिहिलेलं आणि १६१६ साली छापलेलं ते अकराएक हजार ओव्यांचं पुराण रेल्वेच्या ठेक्यात फार चांगलं वाचता येतं. भाषा जुनी आहे, पण दोन पानांत कान बसतो.

पोहोचल्यावर आणि परत

तिथे करायचं फार थोडं. रांगेत बोलू नका, फोन पिशवीत ठेवा. मूर्तीसमोर अर्धं मिनिट मिळतं, त्यात मागणी वाचत बसू नका, नुसतं बघा. मेणबत्त्या एकेका नावाने लावा. ज्याने दार लावून घेतलं त्याची आधी लावा. मिस्सेला वेळेआधी बसा आणि वयस्कांना जागा द्या. जत्रेत खेळणी, बांगड्या, भजी सगळं असतं. मुलांना फिरवा, तेही यात्रेचंच अंग. बारा वर्षांच्या येशूला घेऊन मरिया आणि योसेफ यरुशलेमच्या सणाला गेले तेव्हा परतीच्या गर्दीत मुलगा मागे राहिला आणि तीन दिवसांनी सापडला. मुलांच्या खिशात आपला फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

परतीच्या प्रवासात वही उघडायची नाही. वर्ध्याला उतरल्यावर घरी जाण्याआधी, ज्याने आपली गुरं बांधली, म्हशीला पाणी पाजलं, त्याच्याकडे जायचं. मागच्या वर्षी ते काम चुलतभावाने केलं. मी गेलो तेव्हा तो गोठ्यात होता. मी श्रीरामपूरहून आणलेला पेढ्याचा पुडा दिला. त्याने एक तोंडात टाकला, म्हणाला, ‘तुझी गाय लाथ मारते, हे सांगायचं राहिलं होतं तुझं.’ आणि पायावरची निळी खूण दाखवली.